परत येणारा दुधाचा डबा

म्हापशात शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी आमच्या फार्मसीत सकाळी साडेनऊपासून दुपारी दीडपर्यंत मान वर करायला सवड मिळत नाही. आसपासच्या गावांतले लोक बाजारहाट उरकून परत जाताना महिन्याची औषधे घेऊन जातात, आणि बसस्थानकापासून बाजारापर्यंतच्या रस्त्यावर त्या दिवशी मागणाऱ्यांची संख्याही नेहमीपेक्षा जास्त असते. वडिलांनी सुरू केलेले हे दुकान मी गेली २२ वर्षे सांभाळते आहे. मागणारा आणि देणारा, दोघेही माझ्या काउंटरसमोर येऊन उभे राहतात, आणि देणाऱ्याच्या तोंडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न एकच आहे: "ही खरी गरजू आहे ना?"

हा प्रश्न का पडतो ते मला चांगले ठाऊक आहे, कारण फसवणूक होते आणि ती माझ्या डोळ्यांसमोर होते. कडेवर मूल घेतलेली बाई रस्त्यात एखाद्या भल्या दिसणाऱ्या माणसाला गाठते आणि पैसे नकोत, लेकराला दुधाची पावडर तेवढी घेऊन द्या, असे विनवते. पैसे नकोत म्हटल्यावर त्याचा निम्मा संशय तिथेच फिटतो. तो तिच्याबरोबर दुकानात येतो, चारशे ग्रॅमचा डबा मागतो, पैसे चुकते करतो, डबा तिच्या हातात देतो आणि आपण काही चांगले केले या समाधानाने निघून जातो. कधी तासाभराने, कधी दहाच मिनिटांनी ती बाई तोच डबा घेऊन परत येते आणि हा ठेवून घ्या, पैसे द्या, म्हणते. काही दुकानदार शे-सव्वाशे रुपये कापून डबा घेतात, काही तिला हाकलून देतात. औषधाच्या चिठ्ठीचेही तसेच असते. घड्यांवर फाटायला आलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली चिठ्ठी पुढे केली जाते आणि तिच्यावरची तारीख आठ-आठ महिन्यांपूर्वीची निघते.

मी हाकलून देणाऱ्यांपैकी होते. तीन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आधीच्या शुक्रवारी बाजार माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सामानाने ओसंडून वाहत होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्या गर्दीत एक बाई डबा घेऊन तिसऱ्यांदा परत आली. आधीच्या दोन वेळा मी तिला नुसतेच नाही म्हटले होते. त्या दिवशी मात्र माझा तोल सुटला आणि सगळ्यांच्या देखत मी मोठ्या आवाजात म्हणाले, "हा तुझा धंदा आहे. मुलाच्या नावाने मागतेस आणि विकतेस. पुन्हा या दारात दिसलीस तर पोलिसांना बोलवीन." ती एक शब्दही बोलली नाही. डबा छातीशी धरून ती मागे सरकली, आणि कडेवरच्या मुलीने माझ्याकडे पाहिले ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, कारण ती मुलगी दोन वर्षांची तरी असावी आणि तिच्या हातात पावाचा तुकडा होता. ती पाव खात होती. दुधाच्या पावडरीची तिला गरज नव्हती हे मी त्याच क्षणी ओळखले आणि माझे म्हणणे खरे ठरल्याचे मला बरे वाटले.

गिऱ्हाइकांनीही मला साथ दिली. एकाने सांगितले की हे लोक सगळे धंदेवाईक असतात आणि गावाकडे त्यांची पक्की घरे असतात. दुसऱ्याने सांगितले की यांची टोळी असते, सकाळी गाडी येऊन सोडते आणि संध्याकाळी गोळा करते. तिसरी बाई "सगळे घांटी" एवढेच म्हणाली. गोव्यात हा शब्द किती सहज उच्चारला जातो आणि तो ऐकणाऱ्याला किती लागतो, हे ज्यांनी गोव्यात दिवस काढले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. मागणारा माणूस घाटावरून आलेला, म्हणजे भायला (बाहेरचा), आणि भायला म्हणजे खोटा, अशी ही मांडणी असते. या मांडणीत त्या माणसाला खरे ठरण्याची जागाच उरत नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितले की ती बाई तिच्याच वाड्यावर राहते. उत्तर कर्नाटकातून चार वर्षांपूर्वी आलेले ते कुटुंब होते. नवरा बांधकामावर मजुरी करत होता. मे महिन्यात तो दुसऱ्या मजल्यावरून पडला, सरकारी इस्पितळात त्याच्या मांडीत सळई घातली, आणि उपचाराला पैसे पडले नाहीत, पण घरी आल्यावर सहा महिने पाय टेकायचा नाही असे सांगितले होते. कंत्राटदाराने दोन आठवड्यांची मजुरी दिली आणि नंतर फोन उचलणे बंद केले. खोलीचे भाडे दरमहा साडेतीन हजार रुपये होते. घरमालक वाईट माणूस नव्हता, पण त्याचे घरही त्याच भाड्यावर चालत होते. म्हणजे घर नसल्याचे सांगून ती मागत असती तर ते खोटे ठरले असते आणि मुलीला दूध हवे असल्याचे सांगून ती मागत होती तेही खोटेच होते. तिला हवे होते ते खोलीचे भाडे.

मी दुकानातल्या त्या मुलीला विचारले की मग ती बाई सरळ भाड्यासाठी पैसे का मागत नाही. मुलीने मलाच तिच्याकडे नेले. तिथे मी तिची क्षमा मागितली, तिने ती कशी घेतली ते मला सांगता येणार नाही, कारण ती सगळा वेळ खाली पाहत होती. माझ्या प्रश्नाला मात्र तिने मोडक्यातोडक्या हिंदी-कोंकणीत लगेच उत्तर दिले. "अक्का, भाड्यासाठी कोण देतो? लेकरासाठी देतात."

या उत्तरावर मी फार दिवस विचार केला. तिने पहिल्या महिन्यात खरे सांगून पाहिले होते. नवरा पडला आहे, भाडे थकले आहे, असे ती सांगत असे तेव्हा लोक तिला काम करायला सांगत, गावी परत जायला सांगत, किंवा नवरा दारुडा असेल असे म्हणून पुढे जात. धड साडी नेसलेली असताना तिला कोणी काही दिले नाही. मग शेजारणीने सांगितल्याप्रमाणे तिने जुनी साडी नेसली, मुलीला कडेवर घेतले आणि दुधाचे नाव काढले, तेव्हा देणारे हात पुढे आले. म्हणजे खोटे बोलायला तिला आम्हीच शिकवले. कोणते दुःख दाखवले म्हणजे खिशात हात जातो याची एक परीक्षा आम्ही रस्त्यावर मांडून ठेवली आहे, त्या परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी मागणारा जे करतो त्याला आम्ही सोंग म्हणतो, आणि सोंग सापडले की आधीच्या सगळ्या न देण्याचे समर्थन आम्हाला मिळते. ज्याचा सदरा स्वच्छ आहे तो इतका गरीब नसणार, ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याला कशाला पैसे हवेत, ज्याला राहायला खोली आहे तो बेघर कसला, असे आपण म्हणत राहतो. अगदी तळाला पोहोचल्याशिवाय मदत नाही असा नियम केला, तर तळाला न पोहोचलेली माणसे तळाला असल्याचे दाखवणारच.

बेघर आणि भिकारी हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तिथेही घोळ आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात भिकारी आणि भटके या सदरात सुमारे ४ लाख १३ हजार लोकांची नोंद झाली, तर घराविना उघड्यावर राहणाऱ्यांची संख्या १७ लाख ७० हजारांच्या वर होती. उघड्यावर राहणारी बहुसंख्य माणसे कोणापुढे हात पसरत नाहीत, ती कष्ट करतात आणि रात्री दुकानाच्या पायरीवर निजतात. आमच्याच रस्त्यावर हमाली करणारे दोघे असे आहेत, आणि त्यांनी आजवर माझ्याकडून एक गोळीही फुकट घेतलेली नाही. उलट मागणाऱ्यांपैकी अनेकांना कुठेतरी एक खोली असते, जिच्या भाड्यासाठीच ते मागत असतात. म्हणून कोणाला खोली आहे असे कळले की त्याचे बिंग फुटले असे मानणे मला आता पटत नाही.

"सरकारच्या इतक्या योजना आहेत, मग मागायचे कशाला?" हा आक्षेप मला सुशिक्षित माणसांकडून फार ऐकावा लागतो. तो मनापासून घेतलेला असतो, म्हणून मी या कुटुंबाच्या बाबतीत चौकशी करून पाहिली. बांधकाम मजुरांसाठी १९९६ च्या केंद्रीय कायद्याने कल्याण मंडळाची व्यवस्था केली होती आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस काम केलेल्या मजुराला तिथे नोंदणी करता येत होती. या माणसाने चार वर्षांत त्याच्या कितीतरी पट दिवस काम केले होते, पण हजेरीच्या वहीत त्याचे नाव कधी मुकादमाच्या भावाच्या नावाखाली तर कधी नुसते "माणसे ६" असे होते. ९० दिवसांचा दाखला कोण देणार? त्याची म्हातारी आई त्यांच्याबरोबर राहते. गोव्यातल्या वृद्धांना, विधवांना आणि दिव्यांगांना दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा मोठा आधार आहे, माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांची औषधे त्या पैशांवर चालतात आणि त्या योजनेबद्दल मला आदरच आहे. तिच्यासाठी मात्र गोव्यात १५ वर्षांचे वास्तव्य लागते. ही म्हातारी चार वर्षांपूर्वी आलेली, त्यामुळे ती देवळाच्या बाहेर बसते आणि श्रावणात तिला बऱ्यापैकी मिळते.

देवळाबाहेर तिला कोणी खरी-खोटी विचारत नाही, हेही मी पाहिले आहे. बोडगेश्वराच्या जत्रेत किंवा चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्ताला रांगेत बसलेल्यांच्या पुढ्यातल्या थाळीत माणसे सुटी नाणी टाकत पुढे जातात, कारण तिथे देणे हा आपल्या स्वतःच्या पुण्याचा भाग असतो. तीच म्हातारी दुसऱ्या दिवशी सिग्नलपाशी उभी राहिली की ती शहराच्या नावाला डाग ठरते, आणि पर्यटनाचा हंगाम आला की तिला हटवण्याची मागणी होऊ लागते.

माझ्या लहानपणी डिचोली तालुक्यातल्या आमच्या आजोळी दारात येणाऱ्याला सुपातून पसाभर तांदूळ मिळत. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही, कारण ते तांदूळ उंबऱ्याच्या आतून, अंतर राखून, वरून झोळीत सोडले जात आणि त्या अंतरामागे जातीचा विटाळ होता. पण वासुदेवाच्या मोरपिसांच्या टोपीला किंवा नंदीबैलवाल्याच्या झुलीला आजीने कधी सोंग म्हटले नाही. त्या वेशाला मागण्याचा हक्क आहे हे गावाने मान्य केलेले होते, आणि मागणारा त्या बदल्यात पहाटे देवाचे नाव किंवा चार शब्दांचा आशीर्वाद देत होता. आज मागणाऱ्याला तसा मान्य वेश उरलेला नाही. उरला आहे तो फाटक्या कपड्यांचा आणि कडेवरच्या मुलाचा वेश, आणि तो घातला की फसवणूक ठरते.

कायद्यानेही या संशयाला बळच दिले. १९५९ च्या मुंबईच्या भीक प्रतिबंधक कायद्यात गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा काही वस्तू विकण्याच्या निमित्ताने पैसे मागणे हेही भीक मागण्यातच धरलेले होते, आणि उपजीविकेचे उघड साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी वावरणेसुद्धा त्यात येत होते. पहिल्यांदा दोषी ठरलेल्याला एक ते तीन वर्षे डांबून ठेवता येत होते आणि पुन्हा पुन्हा सापडलेल्याला दहा वर्षांपर्यंत. गोवा, दमण आणि दीवसाठी भीक प्रतिबंधाचा वेगळा कायदा १९७२ मध्ये झाला. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, तिथेही लागू असलेल्या मुंबईच्या कायद्यातली भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली, आणि जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यावरून भिकारी हटवण्याच्या मागणीवर, पर्याय असता तर कोणी भीक मागितली नसती, अशा आशयाची भूमिका घेतली. दुसरीकडे १ जानेवारी २०२५ पासून इंदूरमध्ये भीक देणाऱ्यावरच गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला आणि आपल्याकडेही तसे करावे असे म्हणणारे लोक मला दुकानात भेटले. त्यांना मी एकदा हरमलच्या किनाऱ्यावर संध्याकाळी जाऊन यायला सांगितले. तिथे परदेशातून आलेली तरुण मुले गिटार वाजवत बसतात, पुढे टोपी उलटी ठेवलेली असते, कोणी चादरीवर मण्यांच्या माळा मांडून प्रवासाचे पैसे जमवत असतो. जुन्या व्याख्येत ही मुलेही बसली असती, पण त्यांना भिकारी म्हणावे असे कोणाच्या मनातही येत नाही. त्यांना कोणी काही म्हणावे अशी माझी इच्छा नाही. मागणाऱ्याचा रंग आणि भाषा बदलली की आपली नजर कशी बदलते, एवढेच मला त्यांना दाखवायचे होते.

टोळ्यांचे काय, असे कोणी विचारील. टोळ्या असतात आणि मुलांना भीक मागायला लावणारी माणसेही असतात. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७६ प्रमाणे मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो, आणि त्यासाठी मुलाला अपंग केले असेल तर शिक्षा सात ते दहा वर्षांची आहे. शाळेच्या वयाचे मूल एकटे मागत असेल तर मी त्याच्या हातावर पैसे ठेवत नाही, खायला देते आणि मुलांच्या मदतवाहिनीला १०९८ वर फोन लावते. आजवर मी चार वेळा हा फोन केला आहे. पण "यांची टोळी असते" असे सांगणाऱ्यांपैकी ज्यांना ज्यांना मी मग फोन केलात का, असे विचारले, त्यांपैकी कोणीही केलेला नव्हता. लहान मुलांना कोणी राबवत आहे यावर आपला खरोखर विश्वास असेल, तर काच वर करून निघून जाणे आपल्याला शक्य होता कामा नये. टोळीची गोष्ट बहुतेक वेळा फक्त न देण्यासाठी वापरली जाते याचे मला मनापासून दुःख होते, कारण त्या गोष्टीतली खरी मुले मध्येच विसरली जातात.

प्रत्येकाला द्यावे असे माझे म्हणणे नाही, मीही देत नाही. झोपेच्या किंवा खोकल्याच्या औषधासाठी खोटी चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला मी आजही परत पाठवते, कारण तिथे माझ्या हातून त्या माणसाचेच नुकसान होईल. देत नसेन तेव्हा नाही म्हणते आणि विषय तिथेच संपवते. तो खोटा आहे असे चारचौघांत सांगण्याचा अधिकार मात्र मी सोडून दिला आहे.

त्या बाईचा नवरा आता लंगडत का होईना चालतो आणि एका बांधकामावर राखणदाराचे काम करतो. पावसाळ्यात काम थंडावले की पगार अडतो, आणि मग एखाद-दुसऱ्या शुक्रवारी ती पुन्हा रस्त्यावर दिसते. गेल्या जुलैत अशाच एका शुक्रवारी आमचे एक जुने गिऱ्हाईक, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले सद्गृहस्थ, तिला घेऊन दुकानात आले. डबा मागण्याआधी त्यांनी हलक्या आवाजात मला विचारले, "बाय, ही खरी आहे ना?"

मी तिच्याकडे पाहिले आणि तिने मान हलवली, म्हणून मी त्यांना खरे ते सांगितले. मुलगी पाच वर्षांची आहे आणि बालवाडीत जाते, तिला या डब्याची गरज नाही, नवऱ्याचा पगार दोन महिने अडला आहे आणि खोलीचे भाडे द्यायचे आहे, तेव्हा जे काही द्यायचे असेल ते रोख तिच्या हातात दिलेत तर त्याचा उपयोग होईल. ते थोडा वेळ गप्प राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अवघडलेपण होते. मग ते म्हणाले, "पैशांचे पुढे काय होते ते आपल्याला कळत नाही हो. त्यापेक्षा डबाच द्या."

मी बिल केले. त्यांनी डबा तिच्या हातात दिला, तिने दोन्ही हात जोडले आणि ते छत्री उघडून निघून गेले. पंधरा मिनिटांनी ती परत आली. सील तसेच होते, बिल डब्याला गुंडाळलेले होते. मी चारशे साठ रुपये तिच्या हातावर मोजून ठेवले. त्या महिन्याच्या भाड्याला तिला अजून अकराशे रुपये कमी पडत होते.